पिकअपचं स्टेअरिंग आवाज करतंय? पार्ट बदलण्याआधी आवाज नेमका कुठून येतोय ते शोधा

"स्टेअरिंगमधून आवाज येतोय" हे वाक्य मेकॅनिकसाठी "पोटात दुखतंय" इतकंच मोघम आहे. पोटात दुखायची जशी पन्नास कारणं तशीच स्टेअरिंगच्या आवाजाची, आणि पिकअपमध्ये तर जास्तच, कारण हातातल्या चाकापासून पुढच्या टायरपर्यंत मधे दहा-बारा तरी सांधे असतात, शिवाय पंप, बेल्ट, होज पाइप, आणि हे सगळं एका जाड लोखंडी चॅसिसवर बसवलेलं. चॅसिस आवाज इकडून तिकडे पोचवते. डाव्या चाकाजवळचा खटका तुम्हाला पायाखाली ऐकू येतो, आणि पायाखालचा खटका बॉनेटमधून आल्यासारखा वाटतो. म्हणून नुसत्या कानावर भरवसा ठेवून पार्ट बदलत गेलं की पैसे जातात आणि आवाज तिथेच राहतो.

मी हे अनुभवलंय. माझ्या पिकअपला हळू वेगात वळताना खट् असा एकच ठोका यायचा, आवाजापेक्षा हातालाच जास्त जाणवायचा. गॅरेजमध्ये दोन्ही टाय रॉड एंड, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्यांची टोकं, बदलले, मग खालचा एक बॉल जॉइंट, म्हणजे गोळी-वाटीचा सांधा, मग अलाइनमेंट, आणि गाडी बाहेर काढताना पहिल्याच वळणाला खट्. शेवटी कारण काय निघालं ते पुढे सांगतो, पण त्या वेळेपासून एक गोष्ट पक्की धरलीय, की पाना हातात घ्यायच्या आधी आवाज कधी येतो, कशाने येतो आणि कशाने थांबतो हे लिहून काढायचं. अर्धं निदान तिथेच होतं.

आधी हातापासून टायरपर्यंतचा रस्ता

हा रस्ता डोळ्यासमोर असला की पुढचं सगळं सोपं जातं. स्टेअरिंगचं चाक फिरवलं की आतला कॉलम, म्हणजे त्याची दांडी, फिरतो. कॉलमच्या खालच्या टोकाला एक मधला शाफ्ट असतो, ज्याला इंटरमीजिएट शाफ्ट म्हणतात, त्याला साधारण दोन क्रॉस जॉइंट आणि बऱ्याच गाड्यांमध्ये मधे एकात एक सरकणारा भाग असतो, कारण बॉडी रबरच्या माउंटिंगवर हलते आणि चॅसिस वेगळी हलते, त्या दोघांमधलं अंतर सारखं बदलतं तर शाफ्टने थोडं लांब-आखूड व्हायला पाहिजे. हा शाफ्ट फायरवॉलमधून, म्हणजे केबिन आणि इंजिनच्या मधल्या भिंतीतून, बाहेर इंजिनच्या बाजूला जातो.

तिथून पुढे दोन जाती. एक रॅक अँड पिनियन, म्हणजे आडवी दातेरी दांडी डावी-उजवी सरकते आणि तिच्या दोन टोकांना टाय रॉड. हल्लीच्या बऱ्याच पिकअपमध्ये हेच असतं. दुसरी जात जुन्या आणि जड कामाच्या गाड्यांमधली, स्टेअरिंग बॉक्सवाली. बॉक्सच्या आत स्क्रू, त्याच्यावर चालणारा नट आणि मधे फिरणाऱ्या गोळ्या, बॉक्सच्या खालून निघालेला पिटमन आर्म, तो मधली लांब लिंक ढकलतो, लिंकचं दुसरं टोक आयडलर आर्मवर लटकलेलं, आणि लिंकवरून दोन्ही चाकांकडे टाय रॉड. पुढचा एक्सल सरळ, म्हणजे पाट्यांवरचा असेल तर आयडलर आर्मऐवजी ड्रॅग लिंक असते. शेवटी नकल, म्हणजे ज्यावर पुढचं चाक बसतं तो भाग, जी वर-खाली बॉल जॉइंटवर किंवा किंगपिनवर, म्हणजे जाड उभ्या पिनवर, फिरते. आणि हे सगळं हलकं वाटावं म्हणून बाजूला हायड्रॉलिक पंप नाहीतर इलेक्ट्रिक मोटर. विकायच्या गाडीत हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग पहिल्यांदा १९५१ मध्ये क्रायस्लर इम्पीरियलला आलं, आणि बेल्टवरचा पंप, दाबाखालचं ऑइल, परत येणारा पाइप ही मूळ रचना आजही बरीचशी तीच आहे, त्यामुळे तिचे आवाजही तेच जुने, ओळखीचे आहेत.

तीन साध्या चाचण्या

पहिली, गाडी उभी, इंजिन बंद, चावी फक्त स्टेअरिंग लॉक सुटेल इतकी फिरवलेली. आता चाक डावीकडे-उजवीकडे थोडं थोडं, घड्याळातल्या ११ ते १ एवढंच हलवा. पंप बंद असल्याने जड लागेल, पण टायर फिरवायचे नाहीयेत, फक्त सांध्यांना मागे-पुढे झटका द्यायचाय. इथेच खट् किंवा टक् आलं तर पंप, बेल्ट, ऑइल या सगळ्यांवर काट मारा, आवाज कुठल्यातरी सांध्याचा आहे.

दुसरी, गाडी उभी, इंजिन चालू, चाक पूर्ण डावीकडून पूर्ण उजवीकडे सावकाश. पहिल्या चाचणीत शांतता होती आणि आता घुंऽऽ किंवा चीं आलं तर हायड्रॉलिककडे नाहीतर बेल्टकडे बघा. करकर, कुईकुई आली तर बॉल जॉइंट, किंगपिन, स्प्रिंगची बैठक असल्या जागा.

तिसरी, रिकाम्या जागेत चालण्याच्या वेगाने पूर्ण वळण घेऊन गोल फिरा, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, आणि जमलं तर नंतर मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगात अलगद डावं-उजवं करा. उभ्या गाडीत काहीच नाही आणि चालत्या गाडीत आवाज, तर बेअरिंग, एक्सल, टायर घासणं, किंवा चक्क मागचा डिफरेन्शिअलसुद्धा (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) असू शकतो.

या तिन्ही करताना कुणालातरी शेजारी बसवा आणि फोनवर रेकॉर्ड करा. गॅरेजला गेल्यावर आवाज हमखास गायब होतो, तेव्हा ती क्लिप कामी येते.

घुंऽऽ, म्हणजे पंप ओरडतोय

हायड्रॉलिक स्टेअरिंगमधला सगळ्यात नेहमीचा आवाज हाच, आणि बऱ्याच वेळा पंप खराब नसतोच. ऑइल कमी झालेलं असतं किंवा ऑइलमध्ये हवा मिसळलेली असते. रिझर्वॉयरचं झाकण उघडून आत बघा, ऑइल मार्कच्या खाली आहे का, आणि त्याहून महत्त्वाचं, ते कसं दिसतंय. चांगलं ऑइल पारदर्शक असतं, बऱ्याच गाड्यांमध्ये लालसर. दुधट, फेसाळ दिसलं तर हवा. काळपट झालंय आणि जळका वास येतोय तर ते थकलंय. बोटावर घेऊन चोळल्यावर चमचमणारे कण दिसले तर मात्र पंप किंवा बॉक्स आतून झिजतोय, तिथे नुसतं ऑइल बदलून भागणार नाही.

हवेने आवाज का होतो हे कळलं की दुरुस्ती कळते. चाक शेवटपर्यंत वळवल्यावर पंपाचा दाब साधारण ७० ते १०० बारपर्यंत, काही गाड्यांत त्याच्याही वर जातो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या तीस-चाळीस पट. ऑइलमधले बुडबुडे पंपात शिरले की या दाबाखाली फटाफट चिरडले जातात आणि तेच आपल्याला घुरघुर, घुंऽऽ असं ऐकू येतं, आणि दर वेळी आतल्या पृष्ठभागाला थोडा थोडा मार बसतो. म्हणून "आवाजच तर येतोय, स्टेअरिंग हलकं आहे ना" म्हणून महिनोन्‌महिने तसंच चालवलं तर चांगला पंप खरंच खराब होतो.

मग हवा शिरते कुठून? इथे लोक फसतात. दाबाच्या जाड पाइपवर ऑइल गळताना दिसतं म्हणून सगळे तिकडे बघतात, पण हवा तिथून आत येऊच शकत नाही, कारण आतला दाब बाहेरपेक्षा कितीतरी जास्त. हवा शिरते रिझर्वॉयरपासून पंपाकडे येणाऱ्या ओढीच्या पाइपमधून, तिथे पंप ऑइल शोषून घेत असतो, त्यामुळे क्लॅम्प थोडा सैल असला, होज उष्णतेने कडक होऊन नळीवर नीट बसत नसला किंवा ओ-रिंग चपटी झाली असली तरी बाहेर थेंब न दिसता हवा आत जाते. हा होज बोटांनी दाबून बघा, नवा होज रबरासारखा दबतो, जुना लाकडासारखा लागतो. क्लॅम्पसकट बदलून टाका, छोटं काम आहे. रिझर्वॉयरच्या तळाशी जाळी असते ती चोंदली तरी पंपाला पुरेसं ऑइल मिळत नाही आणि अगदी तसाच आवाज येतो, आणि बऱ्याच गाड्यांत ही जाळी वेगळी मिळत नाही, अख्खा रिझर्वॉयर बदलावा लागतो.

हवा काढायची पद्धत शांतपणे केली तर घरी जमते. पुढची चाकं उचलून स्टँडवर घ्या, इंजिन बंद, झाकण उघडं, ऑइल मार्कपर्यंत. आता चाक सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवा, मधेमधे ऑइलची पातळी बघत राहा, ती खाली जाईल आणि बुडबुडे वर येतील. बुडबुडे थांबले की इंजिन चालू करून परत तसंच फिरवा, पण टोकाला टेकवून धरू नका. फेस झाला तर इंजिन बंद करून तासभर तसंच सोडा, फेस बसू द्या आणि मग परत. इंजिन चालू ठेवूनच घाईघाईत हवा काढायला गेलात तर पंप ते सगळं फेटून फेस करतो आणि काम वाढतं.

ऑइल कुठलं, तर झाकणावर किंवा गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच. काही गाड्यांना एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, लागतं, काहींना वेगळं स्टेअरिंग फ्लुइड, आणि दोन्ही लाल दिसू शकतात, त्यामुळे रंगावरून ठरवू नका. चुकीचं ऑइल सील फुगवतं किंवा कडक करतं. "लीक बंद करणारं" म्हणून जे डब्यात मिळतं ते टाकू नका असंच मी सांगेन, ते सीलला फुगवून थोडे दिवस गळती झाकतं आणि खरं कारण तसंच राहतं.

आणि एक, चाक पूर्ण टोकाला नेल्यावर येणारा हिस्स किंवा बारीक घुंऽ हा दोष नाही. तिथे रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, ऑइल बारीक वाटेने परत फिरतं, त्याचा तो आवाज. फक्त तसं पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, ऑइल झपाट्याने तापतं.

चीं करून किंचाळणारा आवाज वेगळा, तो बेल्टचा. इंजिन चालू असताना स्प्रे बाटलीने बेल्टच्या खाचांच्या बाजूला थोडं पाणी उडवा, हात आणि बाह्या लांब ठेवून. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली सरळ रेषेत नाहीत, पाण्याने आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी किंवा टेन्शनर थकला. बेल्ट काढलाच आहे तर सगळ्या पुली हाताने फिरवून बघा, जी खरखरते तिचं बेअरिंग गेलंय, आणि ती पुष्कळदा स्टेअरिंग पंपाची नसून शेजारची आयडलर पुली असते.

खट्, सगळ्यात फसवा

आता माझ्या गाडीवर येतो. खटक्यासाठी एकच चाचणी खरी, आणि तिला दोन माणसं लागतात. गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर, टायर जमिनीवरच टेकलेले पाहिजेत, कारण सांध्यांवर गाडीचं वजन असलं तरच तो झटका मिळतो, जॅकवर उचलून चाकं लोंबत ठेवली तर खराब सांधाही गप्प बसतो. हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावलेले. एक जण आत बसून चाक डावं-उजवं, डावं-उजवं असं थोडंसं हलवत राहील, दुसरा खाली एकेका सांध्यावर हात ठेवत जाईल.

हात ठेवायचा कसा हे महत्त्वाचं. अंगठा असा ठेवा की तो अर्धा सांध्याच्या वाटीवर आणि अर्धा त्यातून निघणाऱ्या दांडीवर येईल. चांगल्या सांध्यात दोन्ही भाग एकत्र हलतात, अंगठ्याला फक्त हालचाल कळते. झिजलेल्या सांध्यात आधी एक भाग हलतो, मग क्षणभर काही नाही, मग दुसरा भाग टक् करून पकडतो, आणि तो टक् अंगठ्याच्या मधोमध लागतो. डोळ्याला न दिसणारा अर्ध्या मिलिमीटरचा प्लेसुद्धा, म्हणजे ढिलेपणा, असा कळतो. इंजिन चालू ठेवून करत असाल तर बोटं लिंकच्या मधे अडकणार नाहीत अशी, फक्त वरून टेकवून ठेवा, आणि आतल्या माणसाने तुमच्या शब्दाशिवाय चाक हलवायचं नाही असं आधी ठरवा.

टायरच्या बाजूपासून सुरू करून स्टेअरिंगकडे वर वर या. टाय रॉडचं बाहेरचं टोक, मग आतलं. रॅकच्या गाडीत आतलं टोक रबरी भात्याच्या आत असतं, तर भाता हाताने दाबून आतला सांधा पकडा, ठोका तसाच लागतो. मग आयडलर आर्म, तो वर-खाली ढकलून बघा, स्टेअरिंग बॉक्सवाल्या गाड्यांत हा सगळ्यात आधी ढिला होणाऱ्यांपैकी एक. मग पिटमन आर्म. मग स्टेअरिंग बॉक्सच चॅसिसवर हलतोय का ते. याला तीन-चार मोठे बोल्ट असतात, मोठे टायर लावलेल्या आणि कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत ते सुटतात, क्वचित बॉक्सच्या जागी चॅसिसला तडाही जातो. बोल्टच्या डोक्याभोवती लालसर गंजाची पावडर किंवा घासून चकचकीत झालेलं कडं दिसलं तर तिथे दोन धातू एकमेकांवर हलतायत हे नक्की. ही लाल पावडर कुठल्याही सांध्यापाशी दिसली तरी अर्थ तोच. रॅकच्या गाडीत रॅकचे रबर बुश बघा, चाक हलवलं की अख्खा रॅक बाजूला सरकताना दिसतो.

माझ्या गाडीत हे सगळं घट्ट होतं. मग बॉनेट उघडून फायरवॉलपाशी त्या मधल्या शाफ्टवर हात ठेवला आणि शेजारच्याला चाक हलवायला सांगितलं, आणि ठोका तळहातात लागला, इतका स्पष्ट की खालून दोन तास उगाच घालवले असं वाटलं. शाफ्टचा सरकता भाग कोरडा पडला होता. त्यात ग्रीस असतं ते वर्षांनुवर्षं इंजिनच्या उष्णतेने वाळतं, मग वळताना बॉडी आणि चॅसिस थोड्या पिळल्या की शाफ्ट सरकायच्या ऐवजी अडकतो आणि एकदम सुटतो, तोच खट्. म्हणून तो हळू वेगात, वळताना, थोड्या खडबडीत जागी जास्त येतो, आणि पायाखाली व हातात जाणवतो. पिकअपमध्ये हा आजार बराच आढळतो आणि तरी सगळ्यात शेवटी तपासला जातो.

दुरुस्ती म्हणजे शाफ्ट काढून, साफ करून, आत चांगलं ग्रीस भरून परत बसवणं, किंवा स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवरचे लांबट दाते, झिजले असतील तर नवा शाफ्ट. ग्रीस भरल्यावर आवाज गेला आणि काही महिन्यांनी परत आला तर शाफ्ट झिजलाय, मग बदलाच. दोन गोष्टी मात्र जिवापाड सांभाळा. शाफ्ट सोडवायच्या आधी चाकं सरळ करा आणि आतलं स्टेअरिंग बांधून ठेवा, फिरू देऊ नका. शाफ्ट सुटल्यावर ते मोकळं फिरलं तर मागची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे एअरबॅगची आणि हॉर्नची गुंडाळलेली वायर, तुटते. आणि शाफ्टच्या दोन्ही भागांवर रंगाने खूण करा. तो दुसऱ्या दात्यावर बसला तर चाक तिरकं राहतं, आणि सरकणारे भाग एकमेकांत चुकीच्या कोनात बसले तर दोन क्रॉस जॉइंट एकमेकांचा फरक भरून काढू शकत नाहीत, मग स्टेअरिंग एका फेरीत कुठे हलकं कुठे जड लागतं.

शाफ्टही घट्ट असेल तर मग जॅक. गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका, एक मिनिटासाठीसुद्धा नाही. टायर ३ आणि ९ वाजताच्या जागी धरून हलवा, प्ले आला तर बहुतेक टाय रॉड. १२ आणि ६ ला धरून हलवा, टायरखाली पहार घालून वर उचलून बघा, प्ले आला तर बॉल जॉइंट, किंगपिन नाहीतर व्हील बेअरिंग. यातला फरक ओळखायचा तर कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिन. बिनखर्चाची युक्ती आहे आणि चुकीचा पार्ट बदलण्यापासून वाचवते.

करकर आणि कुईकुई

जुनं दार उघडल्यासारखा आवाज म्हणजे कोरडा सांधा. बॉल जॉइंटच्या रबरी टोपीला चीर गेली की आत पाणी आणि माती जाते, ग्रीस धुवून निघतं. एकेका सांध्यावर हात ठेवून चाक फिरवायला सांगा, करकर बोटांना कंपनासारखी लागते. ग्रीस निप्पल असेल तर ग्रीस मारा, आणि किंगपिनला ग्रीस मारताना एक्सल उचलून वजन काढून मारा, नाहीतर ज्या बाजूवर भार आहे तिथे ग्रीस पोचतच नाही. निप्पल नसलेल्या बंद सांध्यात सुईने ग्रीस टोचून आवाज गेला तर त्यातून फक्त एवढंच कळलं की गुन्हेगार हाच आहे. तो सांधा बदलायचा. खालचा बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं पडतं आणि गाडी हातात राहत नाही, त्यामुळे करकरीबरोबर प्लेही असेल तर ती गाडी रस्त्यावर काढूच नका.

वरून स्प्रे मारून रबराचे बुश शांत करायचा मोह होतो. तपासण्यासाठी साबणाचं पाणी मारा, पेट्रोलियमवालं तेल नको, रबर फुगतं.

चाकाच्या मागेच, अगदी हातापाशी खसखस येत असेल आणि सोबत हॉर्न मधेच बंद पडतोय किंवा एअरबॅगचा दिवा लागलाय तर क्लॉक स्प्रिंग. तिथे स्वतः हात घालू नका असंच मी म्हणेन. नुसती खसखस, दिवा नाही, तर कॉलमचं कव्हर घासत असतं किंवा फायरवॉलवरचं रबर शाफ्टला कोरडं घासतं, त्याला सिलिकॉन ग्रीस पुरतं. पूर्ण वळणावर खालून खरर येतंय आणि अलीकडे मोठे टायर लावलेत, तर टायरच्या आतल्या बाजूला आणि चिखलरोधक प्लास्टिकवर घासल्याची चमक शोधा.

चालत्या गाडीतले आवाज

सरळ जाताना हूंऽऽ, आणि डावीकडे वळलं की वाढतो, उजवीकडे वळलं की कमी होतो, तर बहुतेक वेळा उजव्या चाकाचं बेअरिंग, कारण डावीकडे वळताना वजन उजव्या बाजूवर जातं. पूर्ण वळणावर गाडी हलताना टकटकटक येत असेल तर पुढच्या एक्सलचा सीव्ही जॉइंट, म्हणजे वळलेल्या चाकालाही ताकद पोचवणारा सांधा, त्याची टोपी फाटून आजूबाजूला ग्रीस उडालेलं दिसेल.

फोर बाय फोर पिकअपवाल्यांनी एक आधी बघावं, की फोर व्हील लागलेलं तर नाही ना. पार्ट-टाइम सिस्टीममध्ये पुढच्या-मागच्या एक्सलच्या मधे डिफरेन्शिअल नसतो, वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, आणि कोरड्या पक्क्या रस्त्यावर टायरला घसरायला जागा मिळत नाही, म्हणून गाडी अडखळते, धाडकन आवाज येतो, स्टेअरिंग झटके देतं. टू व्हीलमध्ये टाकलं की संपलं, पण तसंच चालवत राहिलं तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा गिअरचा डबा) आणि जॉइंट खरंच तुटतात. आणि घट्ट वळणावर मागून गुरगुर, थरथर येत असेल आणि मागे लिमिटेड स्लिप डिफरेन्शिअल असेल, तर त्याच्या ऑइलला लागणारं फ्रिक्शन मॉडिफायर राहून गेलंय का बघा. स्टेअरिंगशी काही संबंध नाही.

इलेक्ट्रिक स्टेअरिंगमध्ये पंप, बेल्ट, ऑइल नाही, त्यामुळे उभ्या गाडीत बारीक मोटरचा आवाज ठीक आहे. चाक थोडंसं उलटसुलट केल्यावर टिक्‌टिक् येत असेल तर काही गाड्यांत मोटर आणि वर्मच्या, म्हणजे तिच्या पुढच्या स्क्रूसारख्या गिअरच्या, मधला छोटा रबरी कपलर झिजलेला असतो. खालच्या सांध्यांचं सगळं मात्र तसंच.

बसवताना

टाय रॉड एंड काढायच्या आधी किती आटे आत आहेत ते मोजा किंवा रंगाची खूण करा, म्हणजे अलाइनमेंटपर्यंत गाडी नीट जाईल. अलाइनमेंट तरी करायचीच. अडकलेला टेपर, म्हणजे टाय रॉड एंडची नकलमध्ये बसणारी निमुळती पिन, सोडवताना हातोडा आट्यांवर नाही, नकलच्या डोळ्यावर बाजूने मारा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा अजून आवळा, भोक जुळवायला कधीही सैल करू नका, आणि पिन नवीच वापरा.

स्टेअरिंग बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू हे सगळं तपासून झाल्याशिवाय पिळू नका. प्ले आला की बरेच जण पहिला तोच आवळतात. दुसऱ्याच सांध्याचा प्ले तिथे झाकायला गेलं की बॉक्स मधोमध आवळला जातो, वळणानंतर चाक आपोआप सरळ येत नाही, आणि आतल्या गोळ्या व दाते लवकर झिजतात. सगळे सांधे घट्ट असताना प्ले राहिला तरच, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने.

काम झाल्यावर त्याच रिकाम्या जागेत त्याच तीन चाचण्या परत करा, जुनी क्लिप शेजारी लावून. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, रिझर्वॉयर उघडून पातळी आणि फेस बघा आणि पहिलं वळण रेडिओ बंद ठेवून घ्या. दोन-तीनशे किलोमीटर झाले की जे जे बोल्ट उघडले होते ते टॉर्क पान्याने एकदा तपासा, विशेषतः स्टेअरिंग बॉक्सचे आणि शाफ्टचा तो छोटा आवळणीचा बोल्ट.